वस्तूमागचे हात

(हस्तकला प्रदर्शनाच्या निमित्ताने दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



कोल्हापूरची चप्पल, येवल्याची पैठणी, हुपरीचे पैंजण आणि सावंतवाडीची लाकडी खेळणी ही नावे महाराष्ट्रातील घराघरांत परिचित आहेत. लग्नाचा बस्ता असो, बारशाचा आहेर असो किंवा परगावच्या पाहुण्यांना द्यावयाची भेट असो, यांपैकी एखादी वस्तू हटकून आठवते. गावाचे नाव सर्वांच्या तोंडी आहे. परंतु चपलेची वेणी कोणी वळली, पदरावरचा मोर कोणाच्या मागावर उतरला, पैंजणाचे घुंगरू कोणी जोडले, असे विचारल्यास उत्तर देऊ शकणारे ग्राहक विरळाच. वस्तू नामांकित आणि तिचा कर्ता निनावी, ही आपल्या हस्तव्यवसायांतील जुनी विसंगती होय. ती दूर होते की नाही, यावरच या व्यवसायांचे भवितव्य पुष्कळ अंशी अवलंबून आहे.

हातांचे कसब

प्रथम या वस्तू कशा घडतात ते पाहणे उचित ठरेल. पैठणीच्या पदरावरील नक्षी विणताना विणकर प्रत्येक रंगाच्या रेशमासाठी स्वतंत्र छोटी कांडी वापरतो. ताण्याचे धागे मोजत मोजत तो पुढे सरकतो आणि जेथे एक रंग संपून दुसरा सुरू होतो, तेथे दोन्ही धागे एकमेकांत गुंतवितो. त्यामुळे पदराच्या मागील बाजूस मोकळे धागे लोंबत नाहीत व दोन्ही बाजूंची नक्षी सारखीच दिसते. मोर, मुनिया, आसवली, कमळ या आकृती अशा रीतीने एकेका धाग्याने भरल्या जातात. साध्या पदराच्या साडीस काही आठवडे पुरतात. पदर भरजरी आणि नक्षी अंगभर असेल, तर त्याच मागावर महिनेच्या महिने जातात.

कोल्हापुरी चपलेची गोष्टही अशीच आहे. तिचे कातडे बाभळीची साल व हिरडा यांच्या अर्कात कमावले जाते. तळ, टाच, पट्टा आणि कान हे भाग रापीने कापले जातात. खिळा न वापरता चामड्याच्याच वादीने तळ शिवणे, हे जुन्या पद्धतीच्या चपलेचे वैशिष्ट्य. बारीक वेण्या वळणे व गोंडे करणे ही कामे बहुधा घरातील स्त्रिया करतात. चपलेच्या देखणेपणाचा मोठा वाटा त्यांच्या बोटांचा असतो. मात्र विक्रीच्या व्यवहारात त्यांचा उल्लेखही होत नाही.

निनावीपणाचे मूळ

हा निनावीपणा केवळ ग्राहकाच्या उदासीनतेतून आलेला नाही. त्याचे मूळ व्यवसायाच्या घडणीत आहे. हातकणंगले तालुक्यातील हुपरी हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध आहे. चांदी आटविणे, तार ओढणे, कड्या जुळविणे, डाग देणे, घुंगरू जोडणे आणि अखेरीस झळाळी देणे ही कामे वेगवेगळ्या हातांत वाटलेली असतात. एक पैंजण एका घरात सुरू होते आणि दुसऱ्या घरात पुरे होते. अशा वस्तूवर नाव तरी कोणाचे घालावे?

दुसरे कारण भांडवलाचे. चांदी, रेशीम, जर आणि कमावलेले कातडे हा महागडा कच्चा माल आहे. तो विकत घेण्याची ऐपत नसल्याने पुष्कळ कारागीर व्यापाऱ्याच्या मालावर मजुरीने काम करतात. माल ज्याचा, वस्तू त्याची आणि नावही त्याचेच, असा हा हिशेब असतो. व्यापारी जोखीम घेतो, दूरची बाजारपेठ गाठतो. त्याची गरज नाकारण्याचे कारण नाही. परंतु आपली वस्तू अखेरीस किती रुपयांस विकली गेली आणि घेणाऱ्यास तिच्यात काय आवडले, हे कारागिराला कळतच नाही. ज्याला ग्राहक दिसत नाही, त्याला स्वतःच्या कामाचे मोलही कळत नाही. मग घरातील मुलगा मागावर बसण्याऐवजी गावाबाहेरची नोकरी शोधू लागला, तर त्यास दोष कसा द्यावा?

नावाने काय घडते

कर्त्याला नाव मिळाले म्हणजे काय घडते, याचे बोलके उदाहरण वारली चित्रकलेत सापडते. विवाहप्रसंगी सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक लिहिण्याचे काम वारली समाजातील सवाष्णी पिढ्यानपिढ्या करीत आल्या. ते चित्र विधीचा भाग होते. त्याखाली सही करण्याची कल्पनाही नव्हती. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने वारली पाड्यांवर जाऊन तेथील लोकांना कागद व रंग दिले. त्यातून जिव्या सोमा म्हसे यांचे नाव पुढे आले. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्रीने त्यांचा गौरव झाला. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले, तोपर्यंत पाड्यावरची ती कला देशोदेशीच्या कलादालनांत पोहोचली होती. त्यांच्यामागून अनेक तरुणांनी हे काम उपजीविकेचे साधन म्हणून स्वीकारले.

या यशोगाथेची दुसरी बाजूही लक्षात ठेवली पाहिजे. ज्या सवाष्णींनी ही कला जतन केली, त्यांची नावे कोठेही नोंदली गेली नाहीत. एका कर्त्याला नाव मिळाले म्हणून सर्वांना मिळाले असे होत नाही. त्यासाठी निराळा व सततचा प्रयत्न करावा लागतो.

कायद्याचे कवच आणि त्याची मर्यादा

भौगोलिक निर्देशनाचा कायदा १९९९ मध्ये संमत झाला व सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. त्यानुसार पैठणीस २०१० मध्ये, वारली चित्रकलेस २०१४ मध्ये आणि कोल्हापुरी चपलेस २०१९ मध्ये नोंदणी मिळाली. चपलेची नोंदणी महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्हे यांची मिळून आहे. कारागिरांच्या वस्त्या राज्याची सीमा पाहून वसलेल्या नसतात, हे त्यातून ध्यानात येते.

हे कवच मोलाचे आहे. तथापि, त्यास मर्यादा आहेत. हा कायदा प्रदेशाच्या नावाचे रक्षण करतो. व्यक्तीच्या नावाचे नव्हे. शिवाय भारतातील नोंदणीचा अंमल भारतातच चालतो. जून २०२५ मध्ये मिलान येथील एका फॅशन सोहळ्यात एका नामांकित इटालियन कंपनीने कोल्हापुरी धाटणीच्या चपला सादर केल्या, तेव्हा त्यांच्या उगमाचा उल्लेख केला नव्हता. महाराष्ट्रातून नाराजी व्यक्त झाल्यावर कंपनीने भारतीय पादत्राणांपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. लोकांनी आवाज उठविला म्हणून हे घडले. ज्या वस्तूची ओळख लोकांच्या मनात पक्की असते, तिचे रक्षण लोकही करतात, हा त्या प्रसंगाचा धडा होय.

कायद्याच्या जोडीला भांडवलाचीही सोय हवी. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश असून सोनारकाम, चर्मकाम व खेळणी बनविणे हे त्यांपैकीच होत. प्रशिक्षण आणि अवजारांसाठी साहाय्य यांबरोबरच तारणाशिवाय दोन टप्प्यांत एकूण तीन लाख रुपयांपर्यंत सवलतीच्या व्याजाने कर्ज देण्याची तीत तरतूद आहे. कच्चा माल स्वतःच्या पैशाने घेता आला, म्हणजे वस्तूवर स्वतःचे नाव घालण्याचा अधिकारही कारागिराकडे येतो.

प्रदर्शन कशासाठी?

प्रदर्शनाचे महत्त्व या संदर्भात जाणून घ्यावे लागेल. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये अखिल भारतीय हस्तकला मंडळाची स्थापना झाली. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या नेतृत्वाखाली मंडळाने हस्तकलांना बाजारपेठ व प्रतिष्ठा मिळवून देण्याचे कार्य केले. १९९४ मध्ये सुरू झालेल्या दिल्ली हाटमध्ये कारागिरांना आळीपाळीने गाळे देण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. मुंबईत भरणाऱ्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात स्वयंसहायता गटांतील ग्रामीण स्त्रिया आपला माल स्वतः विकतात. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफांच्या कलेचे पुनरुज्जीवन झाले, तेव्हा तेथेही पाहुण्यांसमोर बसून रंगकाम करण्याची प्रथा पडली. दशावतारी गंजिफेची १२० पाने हातांनी रंगविली जाताना ज्याने पाहिली, तो तिची किंमत छापील पत्त्यांच्या जोडाशी ताडून पाहणार नाही.

प्रदर्शनाचे यश केवळ विक्रीच्या आकड्यांवर मोजले जाऊ नये, ते याचसाठी. प्रत्येक वस्तूसोबत कर्त्याचे व गावाचे नाव, वापरलेला माल आणि लागलेले दिवस यांची नोंद असलेली एक साधी चिठ्ठी असावी. जेथे वस्तू अनेक हातांतून जाते, तेथे त्या सर्व हातांची नावे असावीत. वेणी वळणाऱ्या स्त्रीचेही असावे. गाळ्यावर माग, ऐरण किंवा रंगाची वाटी चालू दिसावी. पुढील मागणी नोंदवून घेण्याची सोय असावी. कारण प्रदर्शन चार दिवसांचे आणि चूल मात्र बारा महिन्यांची असते.

ग्राहकाचेही कर्तव्य आहे. यंत्रमागावरचे कापड हे यंत्रमागाचे म्हणून घेण्यात काहीच गैर नाही. ते हातमागाचे म्हणून विकले जाणे गैर आहे. पैठणी घेताना पदराची उलट बाजू पाहावी, चपलेची शिवण निरखावी, दागिन्याचे वजन व घडणावळ वेगवेगळी मांडून मागावी. आणि घासाघीस करण्यापूर्वी, ही वस्तू करण्यास किती दिवस लागले, एवढा एकच प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर ऐकल्यावर पुष्कळदा घासाघीस आपोआपच थांबते.

प्रदर्शनातून बाहेर पडताना प्रत्येकाच्या हातात एखादी वस्तू असेल. तिच्यासोबत तिच्या कर्त्याचे नावही घरी गेले आणि पाहुण्याने विचारताच ते सहज सांगता आले, तर त्या घरातील मुलाला मागाकडे वळून पाहण्याचे एक कारण मिळेल. प्रदर्शन भरविण्याचे सार्थक त्यातच आहे.