परतलेल्यांची मुले आणि कॉलेजची फी



वसई सर झाली तर तुझे देऊळ बांधीन, असा नवस चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला केला होता, आणि १७३९ साली वसई घेतल्यावर तो फेडला गेला, ही कथा या गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. आता चैत्री अमावास्येची यात्रा भरेल. मुंबईपासून मस्कतपर्यंत पोटासाठी पांगलेली आपली माणसे त्या वेळी घरी येतील. देवीच्या पायऱ्या चढताना त्यांना कोणी विचारणार नाही की, तू किती वर्षे बाहेर होतास आणि दहावी कोठल्या गावी झालास. कॉलेजच्या दारात मात्र नेमका हाच प्रश्न विचारला जातो, आणि त्याच्या उत्तरावर फीचा आकडा ठरतो. आज आम्हांला त्याविषयीच बोलावयाचे आहे.

आमच्या परिचयाचे एक कुटुंब आहे. घरधनी याच तालुक्यातला. आखातात फिटर म्हणून गेला. शेताचा सात-बारा येथे, रेशनकार्ड येथे, म्हातारी आई येथे. मुलगी तिकडच्या भारतीय शाळेत दहावी झाली. पुढे काम सुटले, सारे परत आले. मुलीने अकरावी-बारावी भिवंडीस केली आणि वैद्यकीय परीक्षेत चांगले गुण मिळविले. परंतु राज्याच्या वाट्याच्या जागांसाठी दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातूनच उत्तीर्ण व्हाव्या लागतात. बारावी येथली, दहावी तिकडची. तेवढ्याने पोरगी परकी ठरली!

गंमत अशी की, हीच मुलगी अभियांत्रिकीकडे वळली असती तर तिला अडचण नव्हती. तेथे आई किंवा वडील यांपैकी एकाचा महाराष्ट्रातील अधिवासाचा दाखला, म्हणजे आपण ज्याला डोमिसाइल म्हणतो तो, असला की मूल महाराष्ट्राचेच धरतात. एकच राज्य, एकच घर, एकच मुलगी. एका दारात ती आपली आणि शेजारच्या दारात परकी.

यात किती पैशांचा प्रश्न आहे, तेही पाहू. जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या घरांतील, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक शिक्षणाची पूर्ण शिक्षण फी माफ केली. निर्णय फार चांगला आहे. पण ही माफी मिळावयाची तर आधी महाराष्ट्राची विद्यार्थिनी म्हणून प्रवेश मिळाला पाहिजे. दारच बंद, तर आतल्या पंगतीचा काय उपयोग?

राहण्याच्या जागेवरून फीत फरक करता येतो काय, हा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९५५ सालीच आला होता. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात मध्य भारताबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून जादा शुल्क घेत. डी. पी. जोशी यांनी त्याविरुद्ध दाद मागितली. घटनेने जन्मस्थानावरून भेद करण्यास मनाई केली आहे, रहिवासावरून नव्हे, असे म्हणून बहुमताने तो नियम उचलून धरण्यात आला. पुढे १९८४ साली प्रदीप जैन खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की, भारतीयाचा अधिवास एकच, तो म्हणजे भारताचा. राज्य ज्याला अधिवास म्हणते तो खरे पाहता रहिवासच होय. तेव्हा राज्याला रहिवास पाहण्याचा अधिकार आहे, हे आम्ही मान्य करूनच बोलत आहोत. आमचा प्रश्न एवढाच की, तो रहिवास मोजावयाचा कोणाचा आणि कसा?

कोणी म्हणेल, ‘परदेशात कमावले, मग येथे द्या की जास्त फी!’ हा आक्षेप आम्ही झटकून टाकीत नाही. सरकारी कॉलेज येथल्या करातून चालते, आणि येथे राहून कर भरणाऱ्याच्या मुलाचा हक्क पहिला, हे म्हणणे न्याय्य आहे. परंतु परदेशी राहणारा प्रत्येक जण कुबेर नसतो. खाजगी व्यावसायिक महाविद्यालयांत अनिवासी भारतीयांसाठी १५ टक्क्यांपर्यंत जागा ठेवण्यास सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली इनामदार खटल्यात मुभा दिली. तेथली फी कित्येक पटींनी अधिक. त्या जागांवर दूरच्या नातलगांना बसविण्याचा पंजाबातील प्रकार २०२४ साली पुढे आला, तेव्हा याच न्यायालयाने त्याला फसवणूक म्हटले. म्हणजे पैसेवाल्याला वाट सापडते. अडतो तो फिटर.

हा भेद सरकारला कळत नाही असेही नाही. तांत्रिक महाविद्यालयांत आखाती देशांतील भारतीय कामगारांच्या मुलांसाठी स्वतंत्र जागा आहेत, आणि त्यांची शिक्षण फी येथल्या विद्यार्थ्यांइतकीच असते. मात्र त्यासाठी बापाच्या आखातातील नोकरीचा दाखला जोडावा लागतो. ज्याची नोकरी सुटली आणि जो कायमचा परत आला, त्याने तो आणावा कोठून? तेथे असेपर्यंत सवलत, घरी आला की काही नाही!

यावर तोड काय? दूर जावयास नको. आपल्याच वैद्यकीय प्रवेशाच्या नियमांत, महाराष्ट्राचे रहिवासी असलेल्या केंद्र सरकारच्या नोकरांना आणि सैनिकांना, बदलीमुळे मुलांची दहावी बाहेर झाली तरी सूट आहे. ती योग्यच आहे. बापाची बदली हा मुलाचा दोष नव्हे. मग बापाचे पोट हा तरी मुलाचा दोष कसा? इंग्लंडातही कमी फीसाठी अभ्यासक्रमापूर्वीची तीन वर्षे देशात वास्तव्य लागते. परंतु आईबाप तात्पुरत्या नोकरीसाठी परदेशी गेले म्हणून मूल बाहेर राहिले, तर तो काळ त्याच्याविरुद्ध धरीत नाहीत. १९८२ सालच्या शहा खटल्यात तेथल्या उच्चतम न्यायपीठाने वास्तव्याचा अर्थ माणसाच्या रोजच्या, स्थिर जीवनक्रमावरून लावला. आमचे मागणे याहून अधिक नाही. घर, शेत, आईबाप येथे, आणि गेला तो नोकरीपुरता, एवढे जो सिद्ध करील, त्याच्या मुलाला बदलीवाल्याची सूट द्या.

नियम बदलेपर्यंत आपणही डोळे उघडे ठेवले पाहिजेत. ज्यांचे कोणी बाहेर आहे त्यांनी त्यांना आजच कळवावे: मूल नववीत जाण्यापूर्वी त्याच्या पुढच्या शिक्षणाचा विचार करा, वैद्यकीय शिक्षण मनात असेल तर दहावीसाठी त्याला आजीकडे पाठविता येते का ते पाहा, आईबापांचा अधिवासाचा दाखला, जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचे दाखले, नोकरीची कागदपत्रे आणि जुने पासपोर्ट जपून ठेवा. जुना पासपोर्ट रद्दीत टाकू नका. गेल्या-आल्याच्या तारखांचा तोच साक्षीदार असतो. आणि प्रत्येक वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, कारण नियम दरसाल बदलू शकतात.

ती मुलगी आता दुसऱ्या शाखेत शिकते आहे, आणि मन लावून शिकते आहे. पण तालुक्याला एक डॉक्टर मिळावयाची ती मिळाली नाही. यंदाच्या यात्रेत तिचा बाप पायऱ्यांवर भेटेल, तेव्हा ‘कधी आलात?’ असे आपण सहज विचारू. तो घरी आला आहे, हे आपल्याला कळते. सरकारच्या नियमालाही ते कळावे, यासाठी आपण सर्वांनी मिळून मागणे केले पाहिजे.