प्रामाणिक विक्रेत्याच्या बाजूने



 किहीममधल्या या मेळाव्याचा अध्यक्ष म्हणून ग्राहकाविषयी बोलायचे, तर मला सुरुवात पांढऱ्या कांद्यापासून करावीशी वाटते.

भातकापणी उरकली, की याच अलिबाग तालुक्यातल्या कार्ले, खंडाळे, नेहुली या गावांत पांढऱ्या कांद्याची तयारी सुरू होते. शिमग्याच्या आगेमागे तो काढला जातो, पातीसकट सुकवला जातो, त्याच्या माळा विणल्या जातात. गोडसर, डोळ्यांना फारसा न झोंबणारा, कच्चा खाण्याचा हा कांदा. वडखळहून अलिबागकडे येताना पोयनाड, कार्लेखिंडीच्या पट्ट्यात रस्त्याच्या कडेला या माळा टांगलेल्या दिसतात आणि मुंबई-पुण्याचा माणूस गाडी थांबवून त्या घेतो. या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. म्हणजे या मातीत पिकलेल्या कांद्यालाच हे नाव लावता येते. तरीही दर हंगामात इथले शेतकरी तीच तक्रार करतात: बाहेरून पोत्यांनी आलेला पांढरा कांदा माळेत गुंफला जातो आणि अलिबागचा म्हणून विकला जातो.

यात फसले कोण? गिऱ्हाईक फसले, हे उघड आहे. त्याचे शे-दोनशे रुपये गेले. पण कार्ल्याच्या शेतकऱ्याचे काय गेले, ते मोजा. घरी जाऊन तो कांदा चिरणारा माणूस म्हणतो, “अलिबागच्या कांद्यात आता पूर्वीची चव राहिली नाही.” पुढच्या वर्षी तो गाडी थांबवत नाही, किंवा थांबवली तरी निम्मा भाव सांगतो. खऱ्या कांद्याला बियाणे राखण्यापासून माळ विणण्यापर्यंत जी मेहनत लागते, तिचा मोबदला त्या निम्म्या भावात निघत नाही. मग शेतकरी लागवड कमी करतो.

जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन नेमके हेच दाखवले. चांगला माल कोणता आणि वाईट कोणता हे घेणाऱ्याला कळेनासे झाले, की तो सगळ्यालाच कमी भाव देतो आणि चांगला माल बाजारातून निघून जातो. त्यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. कार्ल्याच्या शेतकऱ्याला हे सूत्र सांगायला कुणा अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही. तो ते दर वर्षी भोगतो.

माझे म्हणणे यातूनच निघते. ग्राहक चळवळ म्हणजे दुकानदाराविरुद्धची चळवळ, असा समज आपणच अनेक वर्षे पसरू दिला. प्रत्यक्षात अनुचित व्यापारी प्रथेचा पहिला घाव बसतो तो प्रामाणिक विक्रेत्यावर. वजनात मारणाऱ्याच्या शेजारी ज्याने खरा काटा ठेवला, त्याचा माल महाग दिसतो. पावती देणारा पावती न देणाऱ्यापुढे हरतो. हा माणूस आपला सोबती आहे आणि त्याला आपण आजवर पुरेसे जवळ केलेले नाही.

खरे तर महाराष्ट्रातल्या चळवळीला हे सुरुवातीपासून ठाऊक होते. १९६६ साली मुंबईत नऊ महिलांनी एकत्र येऊन कंझ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. भेसळ आणि खोटी मापे हे त्यांचे पहिले विषय. १९७२ च्या दुष्काळी वर्षात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. पुढे बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीची कल्पना मांडली आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिच्या उभारणीत संगीतकार सुधीर फडके होते, हे आजच्या तरुणांना सांगितले तर आश्चर्य वाटते. पंचायतीने नुसत्या तक्रारी लिहिल्या नाहीत. शेजारपाजारच्या कुटुंबांचे गट केले, महिन्याची मागणी एकत्र केली, माल घाऊक घेतला आणि घरोघर वाटून दिला. चांगला माल देणाऱ्याला खात्रीचे गिऱ्हाईक मिळाले, गिऱ्हाइकाला खात्रीचा माल. हे सगळे १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा येण्याआधीचे आहे.

आणि या अलिबाग तालुक्याला संघटित नकाराची ताकद वेगळी सांगायला नको. चरीसह पंचवीस गावांतल्या कुळांनी १९३३ पासून सहा वर्षे खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली उपासमार सोसली, पण नांगर धरला नाही. ती लढाई कुळांची होती, ग्राहकांची नव्हे, हे मी जाणतो. पण एकट्याने ‘नाही’ म्हटले तर तो अडेलतट्टू ठरतो आणि पंचवीस गावांनी म्हटले तर सरकारला ऐकावे लागते, हे या मातीने पाहिलेले आहे.

आता कायद्याकडे वळतो, पण सगळा कायदा वाचून दाखवणार नाही. २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. गावोगावी बोलताना माझ्या लक्षात येते, की त्यातल्या अगदी साध्या गोष्टी लोकांपर्यंत गेलेल्याच नाहीत. मागूनही पावती न देणे, ही या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात करता येते. गुजरातेतल्या कंपनीशी भांडायला रायगडच्या माणसाला गुजरातेत जावे लागत नाही. जिल्हा ग्राहक आयोग अलिबागला आहे. वकील लावलाच पाहिजे असे नाही. वस्तू किंवा सेवेसाठी दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मराठीत लिहिलेली तक्रार चालते. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, आणि पुष्कळ माणसे ‘बघू, देईल’ म्हणत ती घालवून बसतात. आयोगापर्यंत जाण्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन केला तरी बऱ्याच कंपन्या हलतात.

न्याय दोन्ही बाजूंनी हवा, म्हणून एक गोष्ट इथल्या हॉटेलवाल्यांच्या वतीनेही सांगतो. टेबलावर बसवून दिलेल्या पाण्याच्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त आकारता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला आहे, कारण तिथे जागा आणि सेवाही विकली जाते. पण किनाऱ्यावरच्या टपरीने तीच बाटली हातात देऊन पाच रुपये वर घेतले, तर तो गुन्हा आहे. हा फरक ठाऊक नसेल, तर आपण चुकीच्या माणसाशी भांडतो आणि योग्य माणसाला सोडून देतो.

थळच्या बाजारात मासळीचा वाटा समोर मांडलेला असतो. काय आहे, किती आहे, ताजे आहे का, डोळ्यांनी दिसते. भाव आधी सांगितला जातो, मग घासाघीस होते. किहीममधली खोली मोबाइलवर आरक्षित करताना मात्र पहिल्या पडद्यावर एक भाव आणि पैसे भरायच्या पडद्यावर दुसरा. ‘शेवटची एकच खोली’ हा लाल अक्षरांतला इशारा खरा की खोटा, तपासायला मार्ग नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा तेरा फसव्या रचनांची यादी करून त्यांना मनाई केली. त्याहून वाईट म्हणजे बंगल्यांचे फोटो उचलून केलेल्या बनावट जाहिराती. आगाऊ पैसे घेऊन फोन बंद होतो, कुटुंब मांडव्याला उतरते आणि त्या पत्त्यावर भलताच कुणी राहत असतो. अशा वेळी पहिल्या तासाभरात १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवणे सर्वांत महत्त्वाचे. आणि इथेही कांद्याचेच गणित आहे. घरच्या दोन खोल्या भाड्याने देणारी, पाहुण्याला हाताने मोदक करून वाढणारी जी बाई आहे, तिच्याकडे आता पाहुणा आगाऊ पैसे पाठवायला घाबरतो.

पण किहीममधला सर्वांत मोठा व्यवहार कांद्याचा नाही आणि खोलीचाही नाही. तो जमिनीचा आहे. मार्च २०२० मध्ये मुंबई-मांडवा रो-रो बोटसेवा सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, आणि ‘समुद्राजवळ स्वतःचा प्लॉट’ ही जाहिरात प्रत्येक फोनवर पोहोचली. निवृत्तीचे सगळे पैसे घालून गुंठा-दोन गुंठे घेतलेल्या माणसांचे कागद मी पाहिलेले आहेत. रंगीत माहितीपत्रक जपून ठेवलेले असते, त्यात नारळाची झाडे आणि पोहण्याचा तलाव असतो. सातबारा मात्र मागितलेलाच नसतो.

या लोकांना लोभी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. आयुष्यभर चाळीत किंवा दोन खोल्यांत काढलेल्या माणसाला झाडाखाली चार पावले जागा हवी असणे, यात लोभ कसला? त्याला कुणी सांगितलेले नसते, की महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच विकत घेता येते, बिगरशेतकऱ्याला त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. अकृषिक आदेश झाला आहे की ‘होणार आहे’, हे त्याला विचारता येत नाही. प्लॉटपर्यंतचा रस्ता नकाशात आहे की शेजाऱ्याच्या मेहेरबानीवर, हे साइट दाखवायला आणणारा पोरगा सांगत नाही. भरतीच्या रेषेपासून किती अंतरापर्यंत बांधकामाला बंदी आहे, हे तर कुणीच बोलत नाही. याच किहीमच्या किनाऱ्यावर हिरेव्यापारी नीरव मोदीचा बंगला मार्च २०१९ मध्ये प्रशासनाने स्फोटके लावून पाडला, किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांचा भंग झाला होता म्हणून. धनाढ्याचा बंगला पडला तर त्याची बातमी होते. निवृत्त कारकुनाचे घर बेकायदा ठरले, तर त्याचे उरलेले आयुष्यच मोडते.

पक्षीतज्ज्ञ सलीम अली यांनी १९३० मध्ये याच किहीममध्ये सुगरणीच्या विणीचा अभ्यास केला. नर घरटे अर्धे विणून थांबतो, मादी येते, आत शिरून ते पाहून घेते, पसंत पडले तरच मुक्काम करते आणि मगच नर ते पुरे करतो, हे त्यांनी इथल्या झाडांवर महिनोन्महिने पाहून नोंदवले. घर घेण्याआधी आत शिरून पाहण्याचा तेवढा हक्क आपल्या माणसालाही हवा, आणि तो बजावायला लागणारे ज्ञानही हवे.

त्यासाठी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, मोठ्या प्लॉटिंग प्रकल्पाला महारेरा या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची नोंदणी लागते आणि जाहिरातीत तो क्रमांक द्यावा लागतो. तो नसेल तर तिथेच थांबावे. दुसरी, माहितीपत्रक फेकू नये. नुसती जमीन विकली तर ग्राहक कायद्यात ती ‘सेवा’ ठरत नाही. पण रस्ता, पाणी, वीज देण्याचे सांगून आखलेले प्लॉट विकले तर ती सेवा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केले आहे. ते चकचकीत पत्रकच मग तुमचा पुरावा ठरते. तिसरी, पैसे रोखीने देऊ नयेत, कितीही सवलत मिळो.

आपल्या व्यवस्थेची उणीवही स्पष्ट सांगायला हवी. कायदा म्हणतो, माल तपासणीला पाठवावा लागणार नसेल तर तक्रार तीन महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात तारखा वर्षानुवर्षे पडतात. आयोगांवरच्या नेमणुकाच वेळेवर होत नाहीत, म्हणून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. म्हातारा तक्रारदार निकालाआधी गेला आणि खटला वारसांनी चालवला, असे होते तेव्हा कायदा पुस्तकात उत्तम असून काय उपयोग? रिक्त जागा भरण्याचा प्रश्न आपण दर अधिवेशनाआधी आपापल्या आमदारांना विचारला पाहिजे, नाव-तारखेसह, आणि मिळालेले उत्तर गावात वाचून दाखवले पाहिजे.

इथे जमलेल्या लेखक मित्रांकडे माझी वेगळी मागणी आहे. आवेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार पाकिटावरची सक्तीची माहिती हिंदीत किंवा इंग्रजीत दिली की पुरते. मराठी छापायची तर ती जादा म्हणून. विमा पॉलिसी, कर्जाचा करार, घराचा करारनामा यांची भाषा तर इंग्रजी जाणणाऱ्यालाही कळत नाही. आपण कथा-कवितांच्या मराठीची काळजी करतो, आणि ज्या कागदावर माणूस आयुष्याची कमाई लिहून देतो, त्या कागदाच्या मराठीकडे मात्र पाहत नाही. चांगले गद्य लिहिणाऱ्या माणसांनी वर्षातून चार दिवस द्यावेत आणि वकिलांबरोबर बसून नोटीस, तक्रार, प्लॉटचा करार यांचे साध्या मराठीतले नमुने तयार करावेत. ‘आगाऊ रक्कम परत मिळणार नाही’ हे वाक्य बाराव्या पानावर बारीक अक्षरांत लपलेले असते. ते पहिल्या पानावर, ठळक, मराठीत यायला हवे.

आणि कांद्यासाठीही काही करता येईल. खोटे भौगोलिक नाव लावणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैदेची तरतूद १९९९ च्या भौगोलिक मानांकन कायद्यात आहे, पण ती वापरायला रस्त्यावरचा खरा विक्रेता ओळखू आला पाहिजे. देवगडच्या आंबा उत्पादकांनी २०२५ च्या हंगामात फळागणिक वेगळ्या क्रमांकाचे सील लावायला सुरुवात केली. कांद्याच्या माळेला तसे करणे आंब्याहून सोपे आहे. नोंदणीकृत शेतकऱ्याचा क्रमांक माळेला बांधावा, स्टॉलवर फलक लावावा. आणि मुंबई-ठाण्यातल्या ग्राहक गटांनी हंगामाआधीच इथल्या शेतकऱ्यांकडे मागणी नोंदवून त्यांच्याकडूनच माल उचलावा. भाव दोघांनी बसून ठरवावा. या दोन्ही बाजूंची माणसे आज या मंडपात बसलेली आहेत. जेवणाच्या सुटीत त्यांनी एकमेकांना गाठावे, अशी माझी विनंती आहे.

दुपारच्या सत्रात भाषणे नाहीत. मंडपाच्या मागच्या बाजूला चार टेबले मांडली आहेत आणि तिथे कार्यकर्ते व वकील बसतील. ज्यांच्याकडे सातबारा, करारनामा, आरक्षणाची पावती, विम्याचा कागद असेल, त्यांनी तो घेऊन यावा. घरी राहिला असेल तर आत्ता जाऊन आणावा. दोन वर्षांची मुदत ज्यांची भरत आली आहे, त्यांची तक्रार आज संध्याकाळपर्यंत लिहून पुरी करू.