माळावरची हरणं

(विहाराच्या वर्धापनदिनी, छायाचित्र प्रदर्शन खुले होण्यापूर्वी केलेले भाषण)



मी काही भाषण करणारा माणूस नाही. लग्नाचे, नामकरणाचे फोटो काढणारा आहे. तुमच्या बहुतेकांच्या घरात माझ्या हातचा एखादा फोटो भिंतीवर असेलच. परंतु समितीचा आग्रह झाला की, हरणांचे फोटो विहारात लावा आणि चार शब्द बोला. म्हणून उभा आहे.

सकाळी फोटो लावताना एका आजींनी विचारलं, "विहारात हरणं कशाला रं बाबा?" आजी, आपण सहलीला अजिंठ्याला गेलो होतो, आठवतं का? पहिल्या क्रमांकाच्या लेणीत भगवंतांच्या आसनाखाली धम्मचक्र आहे आणि त्याच्याजवळ हरणं कोरलेली आहेत. कारण तथागतांनी पहिला उपदेश केला तो सारनाथच्या मृगदायवनात, म्हणजे हरणांच्या रानात. त्याच लेणीत एका खांबावर चार हरणं आहेत आणि चौघांत मिळून डोकं एकच. ज्या हरणाकडे बघावं त्याचंच ते डोकं वाटतं. मला तर वाटतं, तो कारागीर हरणांपाशी पुष्कळ दिवस गप बसला असला पाहिजे. बसल्याशिवाय असं येत नाही.

आपल्या गेवराई भागात, तिकडे शिरूर, पाटोद्याकडे आपण ज्याला हरीण म्हणतो ते काळवीट. चितळ-सांबराची शिंगं दरवर्षी गळून नवी येतात. काळविटाची पिळाची शिंगं मात्र जन्मभर तीच. नराला शिंगं असतात, मादीला बहुधा नसतात. नर लहानपणी मादीसारखाच तांबूस असतो, वयात येईल तसा काळा होत जातो.

फोटोचं म्हणाल तर आपल्याला दिवसातले दोनच तास मिळतात. उन्हाळ्यात नऊ वाजले की माळावर झळया उठतात आणि कितीही भारी लेन्स असली तरी जनावर पाण्यात हलल्यासारखं येतं. पावसाळ्यात गवत हिरवं, पण कपाशी-बाजरी वाढली की कळप दिसेनासा होतो. भादव्याच्या सुमारास मोठा नर माळाचा एक तुकडा धरून बसतो. एकाच जागी लेंड्यांचा ढीग घालतो, नाक वर करून शिंगं पाठीवर टाकून ऐटीत चालतो. दुसरा नर आला की शिंगाला शिंग. हिवाळा मात्र खरा आपला. हरभऱ्याच्या कडेला धुकं असतं, ऊन तिरपं येतं. माझे निम्मे फोटो पौषातलेच आहेत.

आता हरभऱ्याचा विषय निघाला तर आमच्या तात्याचं बोलणं सांगितलंच पाहिजे. मी एकदा कळपाचा फोटो मोठ्या हौसेनं दाखवला. तात्या म्हणाले, "फोटू झ्याक हाय. पण ते उभं हाय कुठं ते बघ की. माझ्याच वावरात!" मला उत्तर देता आलं नाही. एक एकराचा धनी असतो, त्याचे शेंडे एका रात्रीत खाल्ले तर त्यानं दया कुठून आणायची? वनखात्याकडे अर्ज केला, पंचनामा झाला की नुकसानभरपाई मिळते, हे आपल्या पुष्कळ लोकांना माहीत नाही. तात्याच्या अर्जाला मी खुरांचे आणि खाल्लेल्या ओळींचे फोटो जोडले. माझ्या हरणाच्या फोटोंची तात्यांनी तेवढीच किंमत केली, आणि ती बरोबरच होती.

आता ज्यासाठी मी खरं उभा राहिलो ते सांगतो.

1998 च्या उन्हाळ्यात मला माळावर एक पाडस सापडलं. बोरीच्या झुडपाखाली मान जमिनीला टेकवून पडलेलं, हलेना की ओरडेना. मला वाटलं, मायनं टाकलं. उचललं, टॉवेलात गुंडाळलं, सायकलवर घरी आणलं. सगळी गल्ली गोळा झाली. शेळीचं दूध बाटलीनं पाजलं. लेकरांच्या मांडीवर देऊन मी फोटो काढला आणि तो फोटो इतका आवडला की त्याच्या दहा-बारा प्रती केल्या. चौथ्या दिवशी पाडस मेलं. सगळे म्हणाले, तू लई केलंस. मीही तेच धरून चाललो.

पुढं 2013 च्या दुष्काळात मी पहाटेपासून एका बांधाच्या आडोशाला बसलो होतो. एक मादी एकटीच चरत होती, दोनशे पावलांवर. दोन तास तिनं एका गवताच्या ठोंबाकडं ढुंकून पाहिलं नाही. मग इकडंतिकडं बघत तिथं गेली आणि ठोंबातून पाडस उठलं. पाजलं, चाटलं, पुन्हा लांब गेली. पाडस दुसऱ्या जागी जाऊन दबून बसलं. पहिले काही दिवस असंच असतं. लांडग्या-कुत्र्यांना माग लागू नये म्हणून माय जवळ थांबत नाही.

घरी आलो आणि 1998 च्या निगेटिव्हची पट्टी काढली. पाडस उचलण्याआधी मी एक फोटो घेतला होता. भिंगाखाली बघितलं. लांब, बाभळीच्या सावलीत, एक मादी उभी होती. माझ्याकडंच बघत.

दोन्ही फोटो मी मोठे करून आणले आहेत. शेवटच्या खांबाजवळ लावलेत, बाकीच्यांपासून वेगळे. ज्यांच्या मांडीवर पाडस होतं ती लेकरं आज बाप होऊन समोर बसली आहेत. त्यांचा काही दोष नाही, उचललं मी.

बालमित्रांनो, पाडस दिसलं तर हात लावू नका, घोळका करू नका, मागं फिरा. कुत्री असतील तर तेवढी हुसकावा. खरंच जखमी असेल, विहिरीत पडलं असेल, तर वनखात्याच्या 1926 या नंबरवर फोन करा. काळवीट धरणं, पाळणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे गुन्हाही आहे. मला तेव्हा तेही ठाऊक नव्हतं.

लाईट आहे तोवर फोटो बघून घ्या. आजींना पुढं येऊ द्या, त्यांना लांबून दिसत नाही.

नमो बुद्धाय, जयभीम!