पैनगंगेच्या अलीकडे, पलीकडे



यवतमाळहून माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला निघालेली गाडी धनोड्याजवळ पैनगंगेचा पूल ओलांडते आणि नांदेड जिल्हा लागतो. आज ही साधी जिल्ह्याची हद्द. पण १८५३ च्या तहाने वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि पलीकडचा काठ निजामाकडे राहिला. ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातले एक सरकार म्हणून नोंदलेले माहूर वऱ्हाडाला परके झाले, ते १९५६ पर्यंत.

जुन्या वस्तूंच्या वाटाही मग फुटल्या. अलीकडच्यांना नागपूरचे संग्रहालय, म्हणजे अजब बंगला, १८६३ चा. पलीकडे हैदराबादचे पुरातत्त्व खाते, १९१४ चे. खोरे एक, दप्तरे दोन!

एक दाखला घ्या. १९३९ साली वाशीमला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचे ताम्रपट सापडले. आपल्या यवतमाळच्या शारदाश्रम या संशोधन संस्थेचे डॉ. य. खु. देशपांडे यांनी ते अभ्यासकांपुढे आणण्यात पुढाकार घेतला. तांब्याचे चार पत्रे, कडी ओवायला भोक पाडलेले. राजाची वंशावळ संस्कृतात आणि दानाचा व्यवहार प्राकृतात. म्हणजे मोठेपणा देवभाषेत, कामाचे बोलणे लोकांच्या भाषेत. राजधानी वत्सगुल्म, म्हणजे वाशीम. दान दिलेले गाव मात्र ‘नांदीकडा’च्या, म्हणजे नांदेडच्या, उत्तर भागातले. चौथ्या शतकातल्या या राजाला पैनगंगा आडवी आली नाही. लेख सापडला तेव्हा मात्र वाशीम इंग्रजी अमलात आणि नांदेड निजामाच्या राज्यात होते.

आपली हद्द निदान एका राज्यात विरून गेली. १९४७ च्या फाळणीनंतर मात्र मोहेंजोदडोची नर्तिकेची मूर्ती दिल्लीत राहिली, पुरोहित राजाची पुढे पाकिस्तानला गेली आणि हिरव्या मण्यांचा एक हार सोडवून मणी निम्मे निम्मे वाटले गेले. भावाभावांत भांडी वाटावीत तसे. मला हे हास्यास्पद वाटते.

म्हणून ‘आमची मूर्ती परत द्या’ या आरोळीत मी सूर मिसळणार नाही. मूर्ती कुठल्याही शहरात असो. ती कुठल्या गावच्या कुठल्या शेतात, कशाच्या शेजारी मिळाली, ही नोंद तिच्यासोबत हवी. ती नोंद गेली की दगड तेवढा उरतो.

तेव्हा शेतकरी बंधूंनो, नांगराला नाणे किंवा ताम्रपट लागला तर सराफाकडे नेऊ नका, घासूनपुसून लख्खही करू नका. गुप्तधनाच्या १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवा आणि जागा नेमकी दाखवा.