दारचे पाणी दारी



आज आपण पाण्याविषयी बोलू. धरणाच्या पाण्याविषयी नव्हे, विहिरीच्याही नव्हे. आपल्या स्वतःच्या छपरावर जे पाणी पडते, त्याविषयी बोलू.

मृगाचा पाऊस येतो. पत्र्यावर ताडताड वाजतो. पागोळ्या लागतात. अंगणात पाणीच पाणी होते. ते पाणी परसातून बोळात जाते, बोळातून ओढ्याला मिळते. जाताना चार पाट्या माती घेऊन जाते. आपण दारात उभे राहून म्हणतो, “यंदा पाऊस बरा झाला!” पुढे शिमगा होतो. विहिरीचा तळ दिसू लागतो. मग घरची बाई डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी घेऊन पाणी शोधत फिरते. जे पाणी आषाढात फुकट दारातून गेले, तेच चैत्रात लांबून वाहून आणावे लागते. मान तिची मोडते. शाळा बुडते ती पोरीची.

हे सगळे एका दिवसात थांबणार नाही. पण थोडे तरी कमी करता येईल. परसात एक लहानसे तळे करावे. छपराचे पाणी त्यात घ्यावे. वावरातले धोंडे त्याच्या काठाला लावावेत. हे कसे करायचे, ते आज सांगतो.

आधी हिशेब करू. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद फरशीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी होते. एवढे ध्यानात ठेवा, म्हणजे बाकीचा हिशेब बोटांवर होतो. समजा, आपले छप्पर १० मीटर लांब आणि ४ मीटर रुंद आहे. म्हणजे ४० चौरस मीटर झाले. माण, आटपाडी, जत, सांगोला हे दुष्काळी तालुके. तिकडे वर्षाला साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. कधी कमी, कधी जास्त. ४० गुणिले ५०० म्हणजे २०,००० लिटर. काही उडते, काही सांडते. पाचवा हिस्सा सोडून द्या. तरी १६,००० लिटर उरते. वीस लिटरचा एक हंडा धरला, तर हे ८०० हंडे झाले! आणि हे दुष्काळी मुलखातले. कोकणात तर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तरी तिथल्या कित्येक वाड्यांना मे महिन्यात टँकर लागतो. पाऊस पडणे वेगळे आणि पाणी असणे वेगळे.

कुणी म्हणेल, “दादा, हे नवे खूळ कुठून आणले?” हे नवे नाही. आपले वाडवडील हेच करीत आले. मुंबईजवळ कान्हेरीची लेणी आहेत. तिथे बौद्ध भिक्षू राहत. डोंगरावर ना नदी, ना विहीर. त्यांनी कातळात पन्हळी कोरल्या आणि पावसाचे पाणी खडकातल्या टाक्यांत घेतले. रायगडावर गंगासागर तलाव आहे. तो खोदताना निघालेला दगड गडाच्या बांधकामाला लागला. एका कष्टात दोन कामे झाली. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात बजावले आहे की, गड बांधण्याआधी पाणी पाहावे, आणि एका झऱ्यावर विसंबून राहू नये. भंडारा-गोंदियाकडे कोहळी लोकांनी बांधलेले जुने तलाव आजही धानाला पाणी देतात. १९७२ च्या दुष्काळात आपल्या माणसांनी खडी फोडली, पाझर तलाव खणले. दगड आणि पाणी यांची आपल्याला चांगली ओळख आहे.

आता जागा निवडू. पाणी उताराने जाते. म्हणून तळे घराच्या खालच्या अंगाला घ्यावे. घराच्या भिंतीपासून निदान दहा-बारा फूट दूर घ्यावे, नाहीतर पाया ओलावेल. संडासाचा खड्डा, उकिरडा, गोठ्याचे मूत यांपासून पन्नास फूट तरी लांब असावे. मोठ्या झाडाच्या मुळाशी खणू नये. मुळ्या तळे फोडतात आणि पाला पाण्यात कुजतो.

माप असे घ्या. तोंड २० फूट लांब, १६ फूट रुंद. खोली ५ फूट. भिंती सरळ उभ्या खणू नका. उभी भिंत पहिल्याच पावसात ढासळते. एक हात खोल जाल, तर दीड हात आत सरका. असा उतार धरला की तळाशी ५ फूट लांब आणि एक फूट रुंद एवढीच जागा राहील. वरचा एक फूट मोकळा सोडा. तरी यात सुमारे दहा हजार लिटर पाणी मावेल. म्हणजे ५०० हंडे. छपराचे सगळे पाणी त्यात मावणार नाही, पण पावसाळ्यात आपण वापरत राहू आणि ते पुन्हा भरत राहील. निघालेली माती दूर फेकू नका. ती खालच्या अंगाला बांधासारखी घाला आणि धुमसाने ठोका.

आता एक गोष्ट नीट ऐका. लोक इथेच फसतात. दगड पाणी अडवीत नाही. दगड माती अडवतो. पाणी अडवते ती चिकण माती, नाहीतर प्लॅस्टिकचा कागद. नुसते धोंडे रचले आणि पाणी सोडले, तर आठ दिवसांत तळे कोरडे पडेल.

माती चिकण आहे की नाही, हे कसे ओळखावे? मूठभर माती भिजवा, मळा, तिची करंगळीएवढी वळी करा. वळी वाकवली आणि मोडली नाही, तर माती कामाची. तुटली, तर ती पाणी धरणार नाही. चांगली माती भिजवून तळाला आणि उताराला वीतभर जाडीची लावा. एकदम लावू नका. दोन थरांत लावा आणि प्रत्येक थर पायांनी तुडवा. घरची सगळी माणसे उतरली तर दोन दिवसांचे काम आहे. काळी माती वाळली की भेगाळते, हे आपण जाणतोच. म्हणून तिच्यावर मुरमाचा पातळ थर द्या आणि ओल टिकवा.

जमीन मुरमाड असेल, तर शेततळ्याचा कागद घालावा लागेल. किती घ्यायचा? सुतळी घ्या. ती एका काठावरून खाली सोडा, तळावरून न्या आणि समोरच्या काठावर चढवा. दोन्हीकडे दोन-दोन हात जास्त धरा. लांबीला एकदा मोजा, रुंदीला एकदा मोजा. कागद घालण्याआधी खडे, मुळे, काटे वेचून काढा. काठावर हातभर खोल चर खणून कागदाची कड त्यात पुरा. उघडा राहिलेला कागद उन्हाने कडक होऊन फाटतो.

आणखी एक सांगतो. तळ्यासाठी सावकाराचे कर्ज काढू नका. यंदा लहान करा, पुढच्या वर्षी वाढवा. कृषी खात्याच्या किंवा रोजगार हमीच्या योजनेत काही मिळते का, ते ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. आता आपल्याला वाचता येते. कागद स्वतः वाचा आणि मगच सही करा.

आता धोंड्यांकडे वळू. आपल्या बांधावर वर्षानुवर्षे वेचून टाकलेले धोंडे पडले आहेत. तेच आणा. धोंडा हाताने उपटू नका. आधी पहारीने हलवा. खाली विंचू असतो, साप असतो. मोठा धोंडा दोघांनी मिळून लोळवा, कमरेवर भार घेऊ नका.

तळाच्या कडेने वीतभर चर घ्या आणि सर्वांत मोठे धोंडे त्यात बसवा. तो पाया. मग खालून वर रचत या. धोंड्याची लांब बाजू उताराच्या आत जाऊ द्या, तोंड बाहेर ठेवा. फटीत चिपा ठोका. फट राहिली की तिथे उंदीर येतो आणि उंदरामागे साप येतो. कागद असेल तर त्यावर आधी जुनी बारदाने अंथरा आणि गोलसर गोटेच मांडा. धारेचा दगड नको. वरून धोंडा फेकू तर मुळीच नका. कागद घसरडा असतो. त्यामुळे धोंडे उतारावर ठरेनात, तर फक्त काठावर आणि पायथ्याला मांडा.

छपराचे पाणी आणायला वळचणीला पन्हळ लावा. पन्हळीतून पाणी थेट तळ्यात सोडू नका. मध्ये दोन फूट लांबरुंद खड्डा घ्या आणि त्यात गोटे घाला. गाळ तिथे बसेल, निवळ पाणी पुढे जाईल. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी बाहेर जाऊ द्या. त्यात छपरावरची धूळ आणि पाखरांची घाण असते.

पाणी आत यायला जशी वाट लागते, तशी बाहेर जायलाही लागते. तिला सांडवा म्हणतात. काठापेक्षा एक फूट खाली सांडवा ठेवा आणि त्याला दगडांचे अस्तर करा. सांडवा नसेल तर एका रात्रीच्या पावसात बांध फुटेल. सांडव्याचे पाणी शेजाऱ्याच्या भिंतीवर सोडू नका. आपण पाणी साठवायचे आणि त्याचे घर पाडायचे, हे बरे नव्हे. पाण्याची भांडणे कोर्टात गेली की पिढ्या जातात. खणण्याआधीच शेजाऱ्याला बोलवा. म्हणा, “आबा, पाणी हिकडनं काढतोय, बघा बरं चालंल का.” एका शब्दाने काम होते.

तळे भरले. आता ते मे महिन्यापर्यंत पुरेल का? खरे सांगायचे तर नाही. उघडे पाणी ऊन पिते. हिवाळ्यात तळ्याची पातळी रोज अर्धा सेंटिमीटर, तर कडक उन्हाळ्यात सुमारे एक सेंटिमीटर उतरते. आपल्या भरलेल्या तळ्यात अर्धा सेंटिमीटर म्हणजे पाच हंडे. एक गाय जेवढे पाणी पिते, त्याहून ते जास्त आहे! म्हणून कंजूषपणाने पाणी राखून ठेवू नका. दिवाळीपासून ते भाजीला वापरा. मेथी, कोथिंबीर, वांगी, मिरची लावा. शेळ्यांना आणि गाईला पाजा. वर वाशांचा मांडव करून पाचट किंवा तुराट्या टाका. त्याने सावली होते आणि पाणी जास्त दिवस टिकते. घरात सून म्हणेल, “मामंजी, पोरांच्या तोंडात चार दिवस हिरवी भाजी पडली.” तळ्याचा हाच मोठा नफा.

हे पाणी पिऊ नका. जिथे गुरे तोंड घालतात आणि माणसे पाय बुडवतात, ते पाणी रोगाचे घर. आपल्या थोरांना नारू आठवत असेल. पायातून हातभर लांब जंत निघायचा. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरल्याने तो पसरायचा. लोकांनी पाणी गाळले, विहिरी सुधारल्या, आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला. औषधाने नव्हे, पाण्याच्या शिस्तीने हा रोग गेला. ती शिस्त सोडू नका.

साचल्या पाण्यात डास होतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून तळ्यात गप्पी मासे सोडा. ते डासांच्या अळ्या खातात. प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा. हे मासे ओढ्यात-नदीत जाऊ देऊ नका. सांडव्याला बारीक जाळी लावा.

शेवटची गोष्ट सर्वांत मोठी. तळे पाणी देते, तसे जीवही घेते. शेततळ्यात मुले बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. कागद शेवाळतो, पाय घसरतो आणि वर चढता येत नाही. मोठा माणूस वाचवायला उतरतो, तोही बुडतो. म्हणून पाणी भरण्याआधी कुंपण घाला. छातीएवढे उंच घाला आणि त्याला दार ठेवा. एका बाजूला धोंड्यांच्या पायऱ्या करा. काठावर खुंट पुरून त्याला गाठी मारलेला दोर बांधा आणि तो पाण्यात सोडून ठेवा. हवा भरलेली जुनी ट्यूब जवळ टांगा. “उद्या करू” म्हणू नका. कुंपण नसेल तर तळे खणूच नका. पाण्यावाचून हाल होतात, पण लेकराची जागा कशानेही भरत नाही.

बंधूंनो, भगिनींनो, २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्यावर गेले. हजारो माणसे त्यांच्याबरोबर होती. गुरे तिथे पाणी पीत, पण अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना मनाई होती. बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पाणी कुणा एकाचे नसते, हे त्या दिवशी साऱ्या देशाने पाहिले. तळे आपल्या परसात असले, तरी पाऊस आपल्या मालकीचा नाही. शेजारची शेळी तहानली तर तिला हाकलू नका.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे म्हणतात. तळ्याचेही तेच आहे. उन्हाळ्यात हात मोकळे असतात. तेव्हा खणा, म्हणजे मृगाला तळे तयार असेल. आज घरी गेलात की एवढेच करा. एक दोरी घ्या आणि आपले छप्पर मोजा. लांबी लिहा. रुंदी लिहा. गुणाकार करा. आपल्या दारातून दरवर्षी किती हंडे पाणी निघून जाते, ते आपल्याच हाताने पाटीवर लिहून भिंतीला टांगा.