तारखेला ती एकटी नको



 फेब्रुवारी 1996 मध्ये याच मुंबईतल्या कुंटणखान्यांवर छापे पडले आणि शेकडो मुली बाहेर काढल्या गेल्या. त्यांत नेपाळच्या मुली मोठ्या संख्येने होत्या. त्यांना ठेवायचे कुठे, घरी पोहोचवायचे कसे, याची तयारी मात्र कोणाचीच नव्हती.

छापा एका रात्रीत उरकतो, खटला वर्षानुवर्षे चालतो. तोवर मुलगी बंगालमधल्या आपल्या गावी परतलेली असते, कदाचित लग्न होऊन सासरी नांदत असते. एक दिवस गणवेशातला पोलीस समन्स घेऊन दारात उभा राहतो आणि जे तिने घरात कधी सांगितले नव्हते, ते गावभर होते. तरी ती येते. कोर्टाच्या व्हरांड्यात एकच बाकडे असते आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला जामिनावर सुटलेली कुंटणखान्याची मालकीण. ती हळूच विचारते, ‘‘धाकटी बहीण आता मोठी झाली असेल ना गं?’’ धमकी द्यायला एवढे पुरते. मग पुकारा होतो, आरोपीचे वकील मुदत मागतात, पुढची तारीख पडते. त्या तारखेला ती येत नाही, किंवा येऊन ‘मी यांना ओळखत नाही’ म्हणते. साक्षीदार फितूर, अशी नोंद होते. तिला दोष देणे मला मुळीच मान्य नाही. त्या बाकड्यावर तिला एकटी बसवले ते आपण.

कायद्याने पुष्कळ दिले आहे. आरोपीचा वकील पीडितेच्या वतीने उभा राहू शकत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने ‘प्रेरणा’ संस्थेच्या याचिकेवर 2002 मध्येच बजावले. साक्ष देताना आरोपी समोर दिसू नये म्हणून पडदा लावण्याचे निर्देश 2004 चे, साक्षीदार संरक्षण योजना 2018 ची. असुरक्षित साक्षीदारांसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्वतंत्र साक्ष केंद्र हवे, हा 2022 चा आदेश तर महाराष्ट्रातल्याच एका खटल्यातून आला. व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने तिच्याच जिल्ह्यातून साक्ष घेता येते. अंतरिम मदतीचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करता येतो, त्यासाठी निकालापर्यंत थांबावे लागत नाही. पण हे तिला सांगायचे कोणी? मागणी अर्ज करायचा कोणी? छाप्याच्या रात्रीपासून भरपाई हातात पडेपर्यंत एकच ओळखीची व्यक्ती तिच्यासोबत असावी, एवढा एक ठराव या परिषदेने करावा, असा माझा आग्रह आहे.

आणि सोबत म्हणजे ताबा नव्हे. तीन सज्ञान तरुणींना संस्थेत ठेवण्याचे आदेश 2020 मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केले, कारण कुठे राहायचे हे ठरवण्याचा हक्क त्यांचाच होता.

पहिल्या सत्रात स्वतः साक्ष दिलेल्या भगिनी बोलणार आहेत. त्यांचे फोटो घेऊ नका, रेकॉर्डिंग करू नका, गाव विचारू नका. त्या मधेच थांबल्या, तर त्यांना वेळ द्या.