ग्रामसभा कोणत्या वेळीं भरवावी?

(दक्षिण सोलापूर तालुक्यांतील एका गांवीं, रात्रीं जेवणें आटोपल्यावर चावडीपुढें झालेलें भाषण)



दिवसभर रानांत राबून, हातपाय धुऊन, चार घांस खाऊन आपण येथें येऊन बसलां आहां, याबद्दल प्रथम आपले आभार मानतों. हे आभार नुसते प्रघाताचे नव्हेत. आमच्या आजच्या बोलण्याचा सारा विषय याच एका गोष्टींत आहे. रात्रीं साडेआठ वाजतां चावडीपुढें एवढीं माणसें जमतात. मग सकाळीं अकरा वाजतां भरणाऱ्या ग्रामसभेला तींच माणसें कां दिसत नाहींत?

गेल्या २ ऑक्टोबरला आम्ही एका गांवच्या ग्रामसभेस गेलों होतों. गांवाचें नांव सांगत नाहीं. सतरंजी अंथरलेली होती, गांधीजींच्या तसबिरीला हार घातलेला होता, खुर्च्या मांडलेल्या होत्या. सरपंच, तीन-चार पंच, ग्रामसेवक (त्यांना हल्लीं ग्रामपंचायत अधिकारी म्हणावयाचें, पण लोकांच्या तोंडीं जुनेंच नांव आहे), दोन शिक्षक, एक ठेकेदार आणि पारावर नेहमीं बसणारे पांचसात म्हातारे, एवढी सभा. समोरच्या रस्त्यानें बायांनीं भरलेला टेंपो रानाकडे गेला. ज्वारीच्या पेरणीचे दिवस. ज्याच्या रानांत वाफसा होता त्यानें पाभर धरलेली. कोण येणार? अर्धा तास वाट पाहिली आणि गणपूर्ति नाहीं म्हणून सभा तहकूब झाली.

आतां नियमाची गंमत ऐका. ग्रामसभेला मतदारांपैकीं शेंकडा १५ किंवा १०० माणसें, यांत जो आंकडा लहान असेल तितकीं हजर लागतात. परंतु तहकूब झालेली सभा पुन्हां भरली म्हणजे तिला हें बंधन उरत नाहीं. तेव्हां कांहीं दिवसांनीं, पुन्हां सकाळीं अकरालाच, तीच मूठभर मंडळी बसली आणि जें पहिल्या दिवशीं करतां येत नव्हतें तें सर्व तासाभरांत उरकून गेली. मागाहून वही घरोघर फिरली, सह्या-अंगठे गोळा झाले. या सभेंत घरकुलाची यादी कायम झाली. एका विधवा बाईचें नांव वर होतें तें खालीं गेलें. कां गेलें हें विचारणारें कोणी नव्हतें. ती बाई त्या वेळीं कोठें होती? हात वर करणाऱ्या पंचांपैकींच एकाच्या शेतांत सोयाबीन काढीत होती.

हें असें कां होतें म्हणून विचारलें तर शिकलेली मंडळी सांगतात, "लोकांना कळकळ नाहीं हो." हें आम्हांस साफ नामंजूर आहे. आपल्या गांवची यात्रा घ्या. यात्रेची बैठक किती वाजतां बसते? रात्रीं, जेवणानंतर. सारा गांव येतो. कोणाची वर्गणी राहिली, मंडपवाल्याला किती दिले, तमाशाची सुपारी कितीला ठरली, शोभेच्या दारूचे पैसे जास्त कां लागले, हें सगळें पैपैशानें विचारलें जातें. आणि उत्तर नीट आलें नाहीं तर गेल्या सालचा पंच यंदा बदलला जातो. सप्ताहाचेंही तेंच. हिशेब विचारण्याची अक्कल खेड्याला नाहीं असें कोणी म्हणूं नये. यात्रेचा हिशेब काय तो लाख-दोन लाखांचा. २०१५ सालापासून वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यांत येऊं लागला, गांवचा विकास आराखडा गांवानेंच करावयाचा ठरलें, ग्रामपंचायतीच्या उत्पन्नापैकीं शेंकडा १५ मागासवर्गीयांसाठीं आणि शेंकडा १० बायामुलांसाठीं खर्च व्हावेत असा दंडक आहे. हा हिशेब विचारण्याची जागा ग्रामसभा. ती मात्र अशा वेळीं भरते कीं ज्याच्या पोटाला रोजगार आहे त्यानें रोज बुडवावा तेव्हांच तोंड उघडावें.

चावडीची जुनी हकीगत येथल्या म्हाताऱ्यांना सांगावयास नको. पाटलानें बोलावें, कुळकर्ण्यानें लिहावें, आणि लिहिलें तें काय हें ज्याला अक्षर येत नाहीं त्यानें मुकाट्यानें मानावें. ज्यांना अस्पृश्य गणलें होतें त्यांना ओटा चढण्याची मुभा नव्हती; गांवचें काम त्यांच्या अंगावर आणि उभें राहणें अंगणांत. कुळकर्णी वतन शाहू छत्रपतींनीं करवीर राज्यांत १९१८ सालीं मोडलें. आपल्याकडे तें १ मे १९५१ रोजीं गेलें. कनिष्ठ गांवकामगारांचीं वतनें १९५८ च्या कायद्यानें गेलीं, पाटीलकी १ जानेवारी १९६३ रोजीं गेली. १९९३ सालीं घटनेंतील ७३ वी दुरुस्ती अंमलांत आली, आणि २०११ सालीं महाराष्ट्रांत निम्म्या जागा बायांसाठीं राखल्या गेल्या. म्हणजे ओटा चढण्याची मनाई आतां कोणालाच नाहीं. पण ज्या वेळीं ओट्यावर कांहीं ठरतें त्या वेळीं कष्टकरी माणूस रानांत असतो. पूर्वीं त्याला जात दाखवून बाहेर ठेवीत. आतां घड्याळ दाखविलें कीं पुरतें.

हा प्रश्न केवळ आपल्याच खेड्यांचा आहे असें नाहीं. ज्या इंग्रजांनीं आपल्यावर राज्य केलें, त्यांच्या खेड्यांतहि तेथले पाटील-कुळकर्णी होतेच. एक जमीनदार आणि दुसरा चर्चचा पाद्री. गांवचा कारभार चर्चच्या सभेंत चाले, तिला व्हेस्ट्री म्हणत, आणि अध्यक्ष पाद्रीबोवा. १८१८ सालच्या कायद्यानें तर ज्याची मिळकत मोठी त्याला या सभेंत एकट्याला सहापर्यंत मतें मिळत. शेतमजूर बिचारा टोपी काढून दाराशीं उभा.

१८७२ च्या फेब्रुवारींत, म्हणजे जोतीरावांनीं पुण्यास सत्यशोधक समाज स्थापिला त्याच्या सुमारें दीड वर्ष आधीं, वॉरिकशायर परगण्यांतील वेल्सबोर्न नांवाच्या खेड्यांत शेतमजुरांची एक सभा भरली. बोलणारा जोसेफ आर्च हा कुंपणें छाटून पोट भरणारा गडी. काम सुटल्यावर, अंधारांत, एका मोठ्या झाडाखालीं, काठ्यांना कंदील टांगून ती सभा झाली. तेथून त्यांचा संघ उभा राहिला. १८८४ सालीं खेड्यांतील मजुराला पार्लमेंटचें मत मिळालें, पुढल्याच वर्षीं हा आर्च पार्लमेंटांत जाऊन बसला. आणि १८९४ सालीं कायदा होऊन गांवकी पाद्रीबोवांच्या हातून काढून गांवानें निवडलेल्या मंडळाकडे दिली गेली. लग्न झालेल्या बायांनाहि या निवडणुकींत मत देण्याचा व उभें राहण्याचा हक्क मिळाला.

त्या कायद्यांतील एक लहानसें वाक्य आम्हांस फार मोलाचें वाटतें. गांवची वार्षिक सभा संध्याकाळीं सहाच्या आधीं सुरू करूं नये, असें त्यांत घातलें आहे. कां? तर गुरें बांधून, औत सोडून मजुराला येतां यावें म्हणून. दुसरेंहि असें कीं, जागा मुळींच मिळत नसेल ती गोष्ट निराळी, एरव्हीं ही सभा दारूच्या गुत्त्यांत भरवूं नये. १९७२ सालीं त्यांनीं सारा कायदा नवा केला, तरी सहाचा नियम ठेवला. आतां तेथल्या खेड्यांतहि त्या सभेला फारशी गर्दी लोटते अशांतला भाग नाहीं, आणि इंग्रजांचें सगळेंच उचलावें असेंहि आमचें म्हणणें नाहीं. पण न येणाऱ्याला तेथें निदान वेळेची सबब सांगतां येत नाहीं.

आपल्याकडे ग्रामसभेच्या तारखा बहुधा ठरलेल्या असतात. २६ जानेवारीला अर्धी वस्ती ऊसतोडीला कारखान्यावर. १ मे म्हणजे सोलापूरचा उन्हाळा. अकरा वाजतां पत्र्याखालीं बसून दाखवावें. १५ ऑगस्टला खुरपणी, २ ऑक्टोबरला पेरणी. तारखा बदलणें कठीण असेल. पण सभेची वेळ व जागा ठरविणें हें सरपंचांचें काम आहे, मुंबईस विचारावयाचें कारण नाहीं.

याला विरोध येईल, तो आम्ही ऐकलाहि आहे. एक म्हणतात, रात्रीं सभा घेतली तर पिऊन येणारे येतील व भांडणें होतील. यात्रेच्या बैठकींत ते येत नाहींत काय? गांव त्यांना उठवून बाहेर काढतो, ग्रामसभेंतहि काढील. दुसरे म्हणतात, ग्रामसेवकांची शेवटची एस. टी. चुकेल. त्यांनीं मुख्यालयीं राहावें असा नियम आहे, म्हणून एस. टी. चा प्रश्नच उद्भवूं नये. पण तो वाद आज नको. वर्षांतून चार रात्रीं त्यांची भाकरी आणि अंथरूण गांव आनंदानें पाहील.

तिसरी अडचण मात्र खरी आहे, आणि ती बायांनीं सांगितली. दिवेलागणीची वेळ चुलीची, आणि नऊच्या पुढें लेंकरें मांडीवर झोंपतात. शिवाय ग्रामसभेच्या आधीं महिलांची निराळी सभा घ्यावयाची असते, तीहि आजवर दुपारींच होते व बहुधा कागदावरच होते. आम्हीं यावर त्यांनाच विचारलें. त्यांचें म्हणणें असें पडलें कीं, महिलांची सभा आदल्या रात्रीं साडेआठला देवीच्या देवळांत घ्यावी, देऊळ वस्तीच्या मध्यें आहे. आणि दुसऱ्या दिवशींची ग्रामसभा साडेआठला सुरू होऊन दहाला संपावी. जें राहील तें पुढच्या रात्रीं घ्यावें. एका आजीबाईंनीं आणखी एक अट घातली कीं, सरपंचबाईंनीं स्वतः बोलावें, यजमानांनीं घरीं थांबावें. ही अट आम्हीं अर्जांत घातलेली नाहीं, कारण ती सरपंचबाईंनींच पाळावयाची आहे; त्या येथें बसल्या आहेत व त्यांनीं ऐकलें आहे.

तर अर्ज असा तयार केला आहे: येत्या ग्रामसभेची नोटीस काढतांना वेळ रात्रीं साडेआठची घालावी, नोटीस सात दिवस आधीं फळ्यावर लागावी व दवंडी महारवाडा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भीमनगरांत, वडारवस्तींत आणि तांड्यावरहि पिटावी, घरकुलाची यादी सभेंत मोठ्यानें वाचावी, आणि ज्याचें नांव खालीं-वर झालें त्याला कारण तेथेंच सांगावें, आणि वहीवर सही हजर माणसाचीच, सभा उठण्यापूर्वीं घ्यावी.

अर्जाच्या दोन प्रती आहेत. एक सरपंचबाईंना आतांच द्यावयाची आहे, दुसरीवर पोंच घेऊन ती आपल्यापाशीं राहील. ज्यांना सही येते त्यांनीं सही करावी, बाकीच्यांसाठीं शाईची डबी ठेवली आहे. तांड्यावरच्या मंडळींना लांब जावयाचें आहे, त्यांना आधीं येऊं द्या.